जिभेखालचे दाणे

डोंगरापलीकडच्या एका गावात एक माणूस राहत होता. त्यानं घरी एक डुक्कर पिल्लापासून वाढवलं होतं. त्याला फुली नावाची सात वर्षांची मुलगी होती.

त्या गावाची एक रीत होती. डुक्कर कापण्याआधी एका म्हातारीला बोलवायचं. ती डुकराची जीभ ओढून खालून अंगठा फिरवायची. अंगठ्याला दाणे लागले, तर ते डुक्कर कोणी खायचं नाही, खोल पुरून टाकायचं.

सणाला डुक्कर कापायचं ठरलं, पण त्या माणसानं म्हातारीला बोलावलं नाही. तीच काठी टेकत दारात आली.

"जीभ बघू दे रे."

"आजी, हे बाजारचं नाही. माझ्या हातचं खाऊन वाढलंय."

"तुझ्या हातचं खाल्लं ते तू पाहिलंस. कुंपणामागं काय खाल्लं, ते कोणी पाहिलं?"

"जिभेचा तुकडा हवाय ना तुला? पाठवतो की."

जमलेले लोक हसले. म्हातारी काठी टेकत परत गेली.

मांस कापलं, तर आत साबुदाण्यासारखे पांढरे दाणे.

"अहो, हे काय?" बायकोनं विचारलं.

"चरबी आहे. तूप कसं रवाळ असतं, तसं."

बायकोनं ते तोंडाला लावलं नाही. फुली दूधभाकरी खाऊन उठली. तो मात्र चुलीपाशी बसून अर्धकच्चंच खात राहिला.

काही महिन्यांनी त्याच्या शौचातून पांढऱ्या फितीसारखे तुकडे पडू लागले. एक तुकडा हलत होता. तो घाबरला, पण लोक हसतील म्हणून गप्प बसला. शौचाहून आल्यावर हातावर नुसतं पाणी घ्यायचा आणि त्याच हातानं फुलीला घास भरवायचा.

पुढच्या वर्षी फुलीचं डोकं दुखू लागलं. एका दुपारी खेळता खेळता ती अंगणात कोसळली. डोळे फिरले, हातपाय ताठले, तोंडाला फेस आला.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोक्याचा फोटो काढला. "मेंदूत दाणे आहेत," त्या म्हणाल्या. "घरात कोणाच्या पोटात जंत आहे?"

बाप खाली बघत म्हणाला, "माझ्या. पण बाई, तिनं ते मांस खाल्लंच नव्हतं."

"तुम्ही खाल्लंत. मांसातल्या दाण्यांचा तुमच्या पोटात जंत झाला. त्याची अंडी तुमच्या हातावरून तिच्या पोटात गेली, आणि तिच्या मेंदूत त्यांचे दाणे झाले."

फुली वाचली. पण झटका अजून अधूनमधून येतो. जेवताना ती अजूनही बापाकडे बघून तोंड उघडते. तो साबणानं हात धुतो, पुन्हा धुतो, तरी घास चमच्यानंच भरवतो.

तात्पर्य इतकंच: घरचं आहे म्हणून तपासणी टाळू नये आणि लाजेपायी दुखणं लपवू नये. न खाणाऱ्यालाही ते भोगावं लागतं.