नीवानची नखांची मडकी

चीनमधल्या नीवान गावाखाली नदीची जुनी दरड आहे. पावसाळ्यानंतर ती ढासळली की मातीतून खापरं डोकावू लागतात. तांबूस, जाड, आणि गळ्याशी नखांनी उमटवलेल्या कोरींची रांग. गाव बघायला आलेल्यांना थान आजोबा इथंच थांबवतात आणि हातात एक खापर देऊन सांगू लागतात.

कुंभाराचं चाक कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट, म्हणे. गावाची मडकी आलान नावाची बाई घडवायची. मातीच्या वळ्या एकावर एक रचायची, सांधे बुजवायची आणि गोट्यानं घासून मडकं असं गुळगुळीत करायची की बोट ठरू नये. एक ओरखडा राहिलेला तिला खपत नसे.

तान्हं मूल गेलं की त्याला मडक्यात ठेवून दाराशीच पुरायची तेव्हा रीत होती. आई जवळ असली की मूल भीत नाही, असं मानत. एका वर्षी तापाची साथ आली. पंधरा दिवसांत सहा मुलं गेली. सहाही मडकी आलाननंच केली. सहावं तिच्या स्वतःच्या आठ महिन्यांच्या मुलासाठी होतं. तेही तिनं तितकंच घासलं.

पुरलेल्या मडक्यांवरची माती नीट बसायच्या आत नदीला पूर आला आणि खालची आळी त्या सहाही मडक्यांसकट वाहून गेली. पाणी ओसरल्यावर बांबूच्या बेटात अडकलेली मडकी सापडली. पाचच.

आया धावल्या. शिए नावाच्या कोवळ्या पोरीनं एक मडकं उराशी धरलं, तर दुसरी ते ओढू लागली. "सोड! माझी लेक आहे त्यात!"

झाकणं मातीनं लिंपलेली. ती उघडणं म्हणजे पाप. शेवटी गावचा म्हातारा मुखिया म्हणाला, "आलान, तू घडवलीस. तूच सांग, कुठलं कुणाचं."

आलान चिखलात बसली. पाचही मडक्यांवरून तिनं हात फिरवला. सगळी सारखी. स्वतःच्या मुलाचं मडकंसुद्धा तिला ओळखू येईना.

मग ती उठली. "हे शिएचं," म्हणाली. "हे तुझं. हे तुझं." आवाज जराही अडखळला नाही. पाचही वाटून झाली.

"आणि तुझं, ताई?" शिएनं विचारलं.

"माझं नदीनं नेलं. मी पाहिलं."

असं सांगतात, की पुढे मरणाच्या दारात तिनं शिएला जवळ बोलावलं आणि खरं काय ते सांगितलं. शिए रडली नाही. म्हणाली, "ठाऊक होतं, ताई. तुझा हात पाचही मडक्यांवर सारखाच थांबत होता."

पुराच्या त्या दिवसानंतर आलाननं गोटा हातात धरला नाही. मडकं ओलं असतानाच, ते ज्या घरासाठी असेल त्या घरच्या बाईला ती बोलावायची, तिचं नख गळ्याभोवती उमटवून घ्यायची आणि मगच भाजायची. तीच रीत पडली.

आजही नीवानमध्ये बिनखुणेचं मडकं कुणी घडवत नाही. कधी दरडीतून गुळगुळीत खापर निघालंच, तर बायका ते दोन्ही हातांनी उचलतात आणि पुन्हा मातीत झाकून ठेवतात. कुणाचं, ते कुणी विचारत नाही.