विषाणू न सापडलेली गाठ

"म्हंजी विषाणू घावला असता, तर बरं झालं असतं?"

अल्लाबक्ष वस्तादांनी आखाड्याच्या कट्ट्यावर बसून विचारलं. वय सत्तर. आवाज घोगरा झालेला. दूधसुद्धा थांबून थांबून गिळावं लागत होतं.

समोर डॉक्टर धैर्यशील उभा होता. पोरवयात याच तालमीत घाम गाळलेला, आता कॅन्सरचा नावाजलेला डॉक्टर. नुसता रिपोर्ट बघून कोण राहणार, कोण जाणार ते सांगतो, अशी त्याची ख्याती होती. त्याला या ख्यातीचा अभिमानही होता.

"हो वस्ताद. टॉन्सिलची अशी गाठ एका विषाणूमुळं झाली असेल, तर उपचारांना लवकर नमते. तशी खूण गाठीच्या तुकड्यात दिसते. तुमच्या तुकड्यात ती नाही."

"मग माझी कशानं झाली?"

"तंबाखूनं."

"व्हय. ती पन्नास वर्सं गालात हाय." वस्ताद हसले. "खूण नसलेली माणसं किती राहतात?"

"पाच वर्षांनी... दहांतली तीन."

"त्या तिघांच्यात खूण हुती?"

"नाही."

"मग ती कशी राह्यली?"

डॉक्टरनं रिपोर्टाची घडी घातली. "ते अजून नीट कळलेलं नाही."

"तिघं राहत्यात, हे मला आधी का न्हाई सांगितलंस?"

"वस्ताद, ऐका माझं. पूर्ण उपचार म्हणजे पस्तीस दिवस किरणं, जोडीला सलाईनमधून औषध. तोंड आतून सोलून निघतं. तुमचं वय, त्यात मानेतही गाठी उतरल्यात. कशाला हाल? दुखणं तेवढं कमी ठेवू, असं ठरवलंय मी."

"तू ठरवलंस?"

"तुमच्या भल्यासाठीच..."

"गळा कुणाचा हाय?"

वस्ताद कट्ट्यावरून उतरले. "तारीख सांग."

पहिल्या दिवशी किरणांच्या खोलीत तिघं होते: वस्ताद, डॉक्टर आणि मशीन चालवणारी मुलगी. मान तसूभरही हलू नये म्हणून तोंडावर जाळीचा मुखवटा बसवून तो टेबलाला घट्ट अडकवायचा होता.

"उताणे झोपा, बाबा," मुलगी म्हणाली.

वस्ताद थबकले.

चाळीस वर्षं कुस्त्या केल्या, पण त्यांची पाठ कुणी मातीला लावली नव्हती. त्या मुलीला हे ठाऊक नव्हतं. धैर्यशीलला होतं. त्यानं नजर दुसरीकडं वळवली.

वस्तादांनी टेबलाला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि आपणहून आडवे झाले.

दुसऱ्या आठवड्यात जिभेची चव गेली. चौथ्यात नाकातून नळी घालावी लागली. वजन सोळा किलो उतरलं. दोनदा डॉक्टर म्हणाला, "थांबूया, वस्ताद." दोन्ही वेळा वस्तादांनी नुसतं टेबलाकडं बोट केलं.

पस्तिसाव्या दिवशी मुखवट्याचे चाप डॉक्टरनं स्वतः काढले. वस्तादांच्या गालांवर जाळीचे वण उठले होते.

"गाठ गेली का, ते तीन महिन्यांनी तपासल्यावर कळेल," तो म्हणाला. "आज मला... सांगता येत नाही."

आजवर कुठल्याच पेशंटला तो असं म्हणाला नव्हता.

वस्ताद पडूनच होते. छताकडं बघत.

डॉक्टरनं मुखवटा बाजूला ठेवला. "एकच सलतंय मला. उभ्या जन्मात जे झालं नाही, ते माझ्या दवाखान्यात झालं. पस्तीस वेळा पाठ टेकली तुमची."

वस्तादांचे ओठ हलले. आवाज पार गेला होता. डॉक्टरनं वाकून कान जवळ नेला.

"टेकली न्हाई, लेका... म्या टेकवली."