सोनकीचा तिसरा बाण

तर एकदा काय झालं, रानात तिरंदाजांचा एक पाडा होता. तिथं सोनकी नावाची पोर राहायची. जिवाला क्षणाची उसंत नाही, सारखी आपली धनुष्य ताणायची. पण बाण? एक धड लागेल तर शपथ! (ए, तुझी चुळबुळ थांबव आधी, मग पुढं सांगते.)

एक दिवस तिच्या आईनं चुकून राक्षसिणीच्या कवठाखाली चूल मांडली. झालं! धुरानं राक्षसीण खोकत उठली. तिनं आईचा जीव काढून शेंड्यावरच्या कवठात कोंडला. आई जागच्या जागी खिळली. राक्षसीण म्हणाली, "दिवस मावळायच्या आत कवठ फोडायचं. फोडायचं ते लेकीनंच. बाण तीन. नाही जमलं, तर बाई कायमची दगड!"

सोनकीनं पहिला बाण सोडला. गेला हातभर डावीकडून. आई गुडघ्यापर्यंत दगड झाली. मग दुसरा सोडला. तोही मेला डावीकडूनच! आई छातीपर्यंत दगड.

सोनकी नुसत्या येरझाऱ्या घालायला लागली. ऊन उतरत होतं नि दगड वर चढत होता. इतक्यात एक टिटवी ओरडली, "अगं, भोक पडलेलं पान घे. हात लांब करून दोन्ही डोळ्यांनी त्यातून कवठ बघ. मग एकेक डोळा मीट."

सोनकीनं डावा मिटला. कवठ गायब! मग उजवा मिटला, तर कवठ जिथल्या तिथं.

"तुझा नेमाचा डोळा डावा आहे, बये! दोरी डाव्या हातानं ओढ."

तिचा बाप हणगोजी ओरडला, "खबरदार! डाव्या हातानं ओढलेला बाण आपण नदीत टाकतो. कुळाला बट्टा लागेल!"

पाड्याची रीतच होती तशी, बरं का. सोनकीचा हात मागं आला. तेवढ्यात आई बोलली. दगड गळ्याशी आलेला, आवाज फुटेना, तरी बोलली, "मी माझ्या डाव्या हातानंच कडेवर घेऊन वाढवली हिला. तेव्हा नाही कुणाला तो हात वाईट दिसला? ओढ गं पोरी!"

मग सोनकीनं हात बदलला. हाताला सवय नाही. तरी तिनं दोरी ओढली नि बाण सोडला. फाड्! कवठ फुटलं. अंगावरचा दगड ढासळला नि आई रडत लेकीच्या गळ्यात पडली. राक्षसिणीनं जी धूम ठोकली, ती आजतागायत कुणाला दिसली नाही.

आणि हणगोजी? तो गुपचूप झाडाआड जाऊन पानातून बघत होता. एकदा हा डोळा मीट, एकदा तो मीट. मग मटकन खालीच बसला. जन्मभर चुकलेले बाण त्यानं वाऱ्याच्या माथी मारले होते ना! म्हणाला, "पोरी, मलाही शिकव."

मग काय, सगळी सुखात नांदली. आता तुम्ही दोन्ही डोळे मिटा बघू. कुणाचा डावा नि कुणाचा उजवा, ते उजाडल्यावर. निजा.