नेवगी सरांचे रेणू

एका गावात एक भोळे मास्तर होते. नाव पुंडलिक नेवगी. हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवायचे. नोकरी अजून पक्की व्हायची होती, म्हणून मुख्याध्यापिका शेवडे बाई जे सांगतील ते शब्दन् शब्द पाळायचे.

एकदा त्यांनी फळ्यावर मिथेनचा रेणू काढला. मधे कार्बन, चार बाजूंना चार हायड्रोजन. झाली बेरजेची खूण. बाई दारातून बघत होत्या.

"नेवगी सर, रेणू असा सपाट नसतो हो. त्याचे हात वर-खाली, चहूकडे पसरलेले असतात. फळा सोडा, वस्तू हातात घेऊन दाखवा."

"बरं," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी धडा सिल्व्हर नायट्रेटचा. सरांनी बाटली तळहातावर ओतली आणि वर्गभर फिरले. ऊन लागलं तसा हात काळाठिक्कर पडला.

"अहो, रसायन बाटलीत ठेवायचं, बूच लावायचं, लांबून दाखवायचं," बाई म्हणाल्या.

"बरं."

बाईंनी मग रविवारी मुलांना बसवून तीस मिथेन बनवून घेतले. मधे बटाटा, त्याला चार काड्या, काड्यांच्या टोकांना बोरं. सोमवारी सरांनी त्यातला एक बरणीत घातला. मावेना, म्हणून दोन काड्या मोडल्या. बूच लावलं. मैदानाच्या पार टोकाला जाऊन बरणी उंच धरली.

"रेणू दिसला का?"

"बरणी दिसली, सर," मुलं खिडकीतून म्हणाली.

बाईंनी कपाळाला हात लावला. "सर, उद्या तपासणीला साहेब येणार. मॉडेल पुस्तकातल्या चित्राशेजारी ठेवा. दोन्ही एकच आहेत, हे मुलांना पटलं पाहिजे."

"बरं."

मंगळवारी सरांनी मॉडेल चित्राशेजारी ठेवलं. जुळेना. चित्र कागदावर सपाट, मॉडेलची एक काडी वर, तीन खाली. कसं पटणार? सर हिरमुसले. मग त्यांना मैदानावरचा रोलर दिसला. त्यांनी एकोणतीस रेणू ओळीत मांडले आणि वरून दोनदा रोलर फिरवला.

ते पाहून बाई मटकन खाली बसल्या. तेवढ्यात साहेब आले. त्यांनी एक चपटा बटाटा उचलला, चित्राशी ताडून पाहिला आणि शेरेबुकात लिहिलं, "मॉडेल पुस्तकाबरहुकूम. नेवगी यांना कायम करावे. भूगोलाचा पृथ्वीगोल मात्र नकाशाशी जुळत नाही. लक्ष घालावे."

बाई उठेपर्यंत सर रोलर ओढत भूगोलाच्या वर्गाकडे निघालेसुद्धा.