तबीथाबाईंची सही

“मग, खटकलं का काही यात, बाई?”

पडवीत पोतं टाकून तबीथाबाई चिंचा फोडत बसल्या होत्या. चिंचोके एका बाजूला, गर दुसऱ्या बाजूला.

सुहासिनी घाटविसावेने यादी पुन्हा त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. टाइप केलेला स्वच्छ कागद होता. बारा पुस्तकं, प्रत्येकापुढे पानांची संख्या आणि एका ओळीचा शेरा. इतकं नेटकं काम तालुक्यात दुसरं कोणी करणार नाही, असं तिचं प्रामाणिक मत होतं, आणि ते तिने कधी कोणापासून लपवलं नव्हतं.

“खाली सही तेवढी हवी. रविवारी पंचकमिटी बसतेय.”

“हात चिंचेचे आहेत गं.”

“थांबते मी.”

“थांब.”

चर्चच्या भगिनी मंडळाचं वाचन दोन वर्षं बंद होतं. मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली कमिटीकडे. बऱ्याच विनवण्या झाल्यावर कमिटीने अट घातली. वाचायला कपाट उघडून देऊ. योग्य पुस्तकांची यादी करा, तिच्यावर तबीथाबाईंची सही आणा, मग किल्ली न्या. नाहीतर कपाट पुस्तकांसकट शाळेला देऊन टाकू. मंडळातल्या अकराजणी दर रविवारी उपासना सुटली की सुहासिनीला गाठायच्या, कधी उघडताय ताई म्हणून. हल्ली त्या विचारतही नव्हत्या, आणि तेच तिला जास्त लागत होतं.

तबीथाबाईंच्याच सहीला एवढं वजन का, हे गावात कोणाला सांगावं लागत नसे. चाळीस वर्षं त्या पायी खेडोपाडी हिंडल्या होत्या, बायकांना पवित्र शास्त्र वाचून दाखवत. सुहासिनीला पहिली अक्षरं त्यांनीच संडेस्कूलमध्ये गिरवायला शिकवली. पुढे सुहासिनी एम. ए. झाली, कॉलेजात मराठी शिकवू लागली, आणि पुस्तकांतलं आपल्याला सगळं कळतं याबद्दल तिच्या मनात शंका उरली नाही. बाईंना मात्र ती अजून पाटी सांभाळत येणारी सुहासच वाटायची.

“त्रेपन्न वाचली, बाई. त्रेपन्नांतून ही बारा काढली.”

“बाकीची?”

“योग्य नव्हती.”

“म्हणजे?”

“कशात दारू, कशात शिवीगाळ. एकात पाळकसाहेबांची टिंगल. दोन-तीनांत तर बाई घर सोडून जाते.”

“आणि या बारांत?”

“तसलं काही नाही.”

“काहीच नाही?”

“काही म्हणजे काही नाही!” सुहासिनी अभिमानाने म्हणाली. बाई कौतुकच करताहेत असं तिला वाटलं. फार शिकलेल्या माणसाचं कधी कधी असं होतं.

तबीथाबाईंनी मान तिरकी करून कागदावर नजर फिरवली.

“दोन लोणच्यांची दिसतात.”

“बायकांना उपयोगी पडतील.”

“या गावातल्या बायकांना तू लोणचं शिकवणार?”

सुहासिनीच्या घरी लोणचं दुकानातून येत असे, आणि बाईंना ते चांगलं ठाऊक होतं.

बाईंनी पुढची चिंच फोडली.

“आणि ते पुस्तक?” बाईंनी विचारलं.

त्या पुस्तकाला नाव होतं, पण गावात कोणी ते घेत नसे. सगळे नुसतं ‘ते पुस्तक’ म्हणत. कमिटीचे सेक्रेटरी येशुदास भिंगारदिवे यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या सुनेपाशी ते सापडलं होतं. सुनेचं नाव करुणा. त्याच आठवड्यात करुणा घर सोडून गेली. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारचा आदला दिवस होता. झावळ्या आणायला निघालेल्या माणसांनी तिला हातात एक पिशवी घेऊन एसटी स्टँडवर उभी पाहिली. पुढे ती कुठे गेली हे सासरीही कळलं नाही आणि माहेरीही नाही. त्या पुस्तकातली बाईसुद्धा घर सोडते. गावाने दोन्हींची सांगड घातली. वाचून वाचून बायका बिघडतात असं ठरलं, आणि कपाटाला कुलूप लागलं.

“ते कसं असेल यादीत?” सुहासिनी म्हणाली. “ते मी पहिल्यांदा बाजूला काढलं असतं. पण कपाटात ते नव्हतंच.”

“कमिटीनं माझ्याकडे ठेवायला दिलंय. आत फळीवर बघ.”

सुहासिनी आत गेली. निळ्या पुठ्ठ्याचं, बेताच्या जाडीचं पुस्तक होतं. ती ते घेऊन पुन्हा पोत्याच्या कडेला येऊन बसली.

“तू वाचलंस हे?”

“कमिटीने तांबड्या पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. तेवढं पान पाहिलं होतं.”

“हं... मांडीवर उभं धर. आता सोड. आपलं आपण कुठं उघडतं बघ.”

सुहासिनीने पुस्तक सोडलं. तांबड्या खुणांचं पानच समोर येणार याबद्दल तिची खात्री होती.

ते पान आलं नाही. एकसष्टावं आलं.

त्या पानावर तांबडी रेघ कुठेच नव्हती. कडेला हळदीचा अंगठा उमटलेला होता, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. खालचा कोपरा हाताळून मऊ पडला होता. दोन पानांच्या मधल्या खाचेत पीठ बसलं होतं.

“वाच,” बाई म्हणाल्या.

सुहासिनीने मनात वाचलं. घरातली सगळी जेवून उठली आहेत. पुस्तकातली बाई रिकामं पातेलं पुसून काढते आहे. शेजारीण कुंपणापाशी येऊन विचारते, जेवलीस का गं? बाई म्हणते, हो, आत्ताच. शेजारीण निघून जाते आणि बाई पातेलं घासायला घेते.

“यात तर काहीच नाही, बाई.”

“तांबडं पान काढ.”

ते बरंच पुढे होतं. घर सोडण्याचा सगळा प्रसंग त्यात होता, आणि प्रत्येक ओळीखाली कमिटीने पट्टी लावून रेघ ओढली होती. बाकी पान कोरं करकरीत होतं. ना हळद, ना पीठ, ना बोटाचा डाग.

सुहासिनीने ती दोन पानं आळीपाळीने पाहिली.

“आता मागची चिठ्ठी.”

मागच्या पुठ्ठ्याला आतून तारखांची चिठ्ठी डकवली होती. पुस्तक कोणी नेलं, कधी नेलं, ते तीत लिहायची पद्धत होती. दर पंधरा दिवसांनी पुस्तक आणून दाखवायचं आणि पुन्हा हवं असेल तर नव्याने आपला सभासद-नंबर टाकायचा. करुणाचा नंबर सात. सात, त्याखाली सात, त्याखाली पुन्हा सात... नऊ वेळा. आणि शेवटच्या ओळीत ‘परत घेतले’, तारीख, आणि दोन अक्षरं. सु. घा.

स्वतःचं अक्षर ओळखायला तिला वेळ लागला नाही.

तेव्हा मंडळाची वही तिच्याकडेच असायची. येशुदासांनी तक्रार केली, बुधवारी पुस्तक काढून घ्यायचा कागद निघाला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती तो कागद घेऊन भिंगारदिवेंच्या घरी गेली. करुणा मागच्या दाराशी आली. हात ओले होते, ते तिने पदराला पुसले. अजून एक आठवडा ठेवू का ताई, असं तिने विचारलं होतं. इतकं हळू, की सुहासिनीने ते पुन्हा बोलायला लावलं होतं.

“काय म्हणालीस तू तिला?” बाईंनी विचारलं.

“...नियम सगळ्यांना सारखा.”

“मग?”

“दिलं तिने. दोन्ही हातांनी दिलं.”

“वार कोणता होता?”

“गुरुवार.”

“आणि ती गेली?”

सुहासिनीने चिठ्ठीवरची तारीख पुन्हा पाहिली.

“शनिवारी.”

तबीथाबाईंनी हातातली चिंच तशीच खाली ठेवली.

“साडेचार महिने पुस्तक त्या घरात होतं, सुहास. तोवर तीही त्या घरात होती.”

सुहासिनीला रडू आलं. चारचौघांत कधी न रडणारी बाई, पण तिला ते आवरेना. दोन वर्षं ती गावाबरोबर तेच बोलत आली होती, पुस्तकापायी पोर गेली म्हणून. त्याच भीतीने तिने त्रेपन्न पुस्तकं चाळली, आणि जिथे जिथे एखादी बाई खरी वाटली तिथे तिथे ते पुस्तक बाजूला टाकलं. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

“मला हे आठवलंच नाही, बाई... नाही. मी आठवू दिलं नाही.”

तिचं रडणं ओसरेपर्यंत बाई तिच्याजवळ बसून राहिल्या.

मग त्यांनी विचारलं, “त्या बुधवारच्या कागदावर सही कोणाची होती?”

“कमिटीची.”

“त्याच्या खाली?”

सुहासिनीने मान वर केली.

“माझी,” तबीथाबाई म्हणाल्या.

“तुम्ही पुस्तक वाचलं होतं?”

“नाही. येशुदास म्हणाला वाईट आहे. मी चष्मासुद्धा शोधला नाही... आत्ता गेल्या महिन्यात वाचलं. भिंग घेऊन. एकसष्टाव्या पानाला दोन दिवस लागले.”

त्यांचा आवाज साधाच होता. पण ऐंशी वर्षांच्या बाईचा चेहरा असा उतरलेला सुहासिनीने याआधी पाहिला नव्हता. आपल्या गुरूचंही चुकतं हे तिला कधी सुचलंच नव्हतं. आपलं चुकतं हे तर त्याहून नाही.

ऊन पडवीच्या कडेपर्यंत आलं. रस्त्यावरून एक हातगाडी गेली.

“मग हे पुस्तक यादीत घालू?” सुहासिनीने विचारलं. “घातलं तर कमिटी यादी फाडून टाकेल. कपाट जाईल. त्या अकराजणींच्या हाती काहीच येणार नाही. आणि नाही घातलं, तर...”

तिने निळ्या पुठ्ठ्यावर हात ठेवला.

तबीथाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. रांजणापाशी जाऊन त्यांनी हात धुतले. नखांत अडकलेली चिंच एकेक करून काढली, पुन्हा धुतले, आणि पदराला पुसत परत आल्या.

“कागद दे.”

सुहासिनीने यादी पुढे केली. बाईंनी ती घडी घालून तिच्याच पर्समध्ये ठेवून दिली.

“कोरा दे.”

सुहासिनीने डायरीतून एक कागद फाडून दिला, वर पेन ठेवलं. बाई पाट ओढून बसल्या. चष्मा लावला. कागद आधी नीट निरखला, वरपासून खालपर्यंत, जणू त्यावर काही लिहिलेलं आहे. मग अगदी तळाशी, थरथरत्या मोठ्या अक्षरांत त्यांनी पूर्ण नाव लिहिलं. तबीथा शांतवन आढाव.

“बाई, कोऱ्या कागदावर सही कोणी करतं का!”

बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

“पण यादी?”

“अकरा घरं आहेत. उन्हं कलली की नीघ. पुढच्या दारानं जाऊ नकोस, मागच्या दारानं जा.”

“काय विचारू त्यांना?”

“तू नको विचारूस. बस जरा वेळ. त्या सांगतील ती पुस्तकं सहीच्या वर लिही.”

सुहासिनीने कागद दोन्ही हातांनी घेतला. सहीच्या वर सगळी जागा मोकळी होती. येशुदास भिंगारदिवे तिच्या डोळ्यांसमोर उभे राहिले, सगळी कमिटी उभी राहिली.

ती पायरीपर्यंत गेली आणि तिथूनच वळली.

“बाई... रविवारी कमिटीने विचारलं तर काय सांगू?”

तबीथाबाई पुन्हा पोत्यावर बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि पुसला.

“सांग, तबीथानं या खेपेला वाचून सही केली.”