एक तास चाळीस मिनिटे

एकदा एक वृद्ध अभियंता होता. जन्मभर त्याने संगणकाच्या पोटातले काम केले आणि निवृत्त झाल्यावर आपल्या लहानशा शहरात परत येऊन तो मोजक्या मुलांना तीच विद्या देऊ लागला. ही विद्या टाळ्या मिळवून देणारी नव्हे. ऑपरेटिंग सिस्टीम आतून कशी चालते, मेमरीची वाटणी कोण करते, आपण फाइल 'सेव्ह' केली म्हणजे नेमके काय घडते, हे तो शिकवी. सगळे त्याला सर म्हणत. फाइल सिस्टीमचा ड्रायव्हर लिहिणे हा सरांचा शेवटचा धडा असे. ड्रायव्हर म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे स्टिअरिंग येते, पण हा ड्रायव्हर म्हणजे वरचा प्रोग्रॅम आणि खालची डिस्क यांच्यामधला निरोप्या. वरून आलेला मजकूर डिस्कवर उतरवायचा आणि उतरला की वर कळवायचे, "झाले." काम एवढेच, आणि ते शिकायला मुलांना दोन-तीन वर्षे लागत.

त्यांचा एक शिष्य होता. हुशार होता, कष्टाळू होता, आणि हुशार मुले जितकी उतावळी असतात तितका उतावळाही होता. त्याला एक चांगले काम मिळाले. कर्करोगाच्या एका रुग्णालयाला लहान पेट्या हव्या होत्या. ज्या रुग्णांचे स्वरयंत्र शस्त्रक्रियेत काढून टाकावे लागते, त्यांचा आवाज आदल्या दिवशी या पेटीत साठवून ठेवायचा. माणूस पुन्हा बोलणार नसतो. घरच्यांजवळ निदान तेवढे राहावे. शिष्याने पेटीसाठी ड्रायव्हर लिहिला, सरांनी ओळ न् ओळ तपासली, आणि पेट्या रुग्णालयात गेल्या.

महिन्याभरात कुरकुर सुरू झाली. रेकॉर्डिंग थांबवल्यावर हिरवा दिवा लागेपर्यंत नर्सना ताटकळावे लागे. बोलणे लांबलेले असेल तर पाऊण मिनिट, कधी मिनिटभरही. वॉर्डात मिनिटभर वेळ कोणाजवळ असतो? शिष्याने एका दुपारी ड्रायव्हरमध्ये बदल केला. मजकूर मेमरीत आला की वर "झाले" म्हणून मोकळे व्हायचे. फाइलचे नाव आणि लांबी तेवढी लगेच लिहायची, आणि आतला आवाज मागाहून निवांत डिस्कवर उतरवायचा. आधी कळस, मग पाया. दिवा क्षणात लागू लागला. नर्सनी त्याला दुवा दिला, रुग्णालयाने आभाराचे पत्र पाठवले, आणि एवढासा बदल सरांना काय दाखवायचा, म्हणून तो सरांना सांगायचा राहून गेला. राहून गेला हे आपले सभ्य शब्द. खरे तर सर काय म्हणतील हे त्याला पक्के ठाऊक होते.

असेच सहा महिने सुरळीत गेले. मग एका सकाळी सरांनी त्याला घरी बोलावले.

सरांच्या टेबलावर रुग्णालयातली एक पेटी होती. "बस," सर म्हणाले. "हे दौलत गांगुर्डे यांचं रेकॉर्डिंग आहे. कांद्याच्या बाजारात लिलाव पुकारायचे. तीस वर्षं. तीन आठवड्यांपूर्वी त्यांचं ऑपरेशन झालं. आपण ते ऐकू या."

पडद्यावर फाइल दिसत होती. नाव बरोबर, तारीख बरोबर, लांबी एक तास चाळीस मिनिटे. सरांनी ती सुरू केली आणि हात मांडीवर ठेवून ते डोळे मिटून बसले.

काहीच ऐकू येईना. शिष्याने स्पीकरची वायर चाचपली. "सर, आवाज नाही येत."

"ऐक."

पाच मिनिटे गेली, दहा गेली. शिष्याला वाटले, सरांचे कान गेले की काय. न राहवून त्याने फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली आणि तिच्यात काय लिहिले आहे ते पाहिले. शून्ये होती. खाली सरकत गेला, शून्येच होती. लाखो शून्ये, एका ओळीखाली दुसरी. अशी फाइल कशाने तयार होते हे जगात कोणाला नसेल एवढे त्याला ठाऊक होते. दिवा हिरवा झाला असेल. नर्सने प्लग काढून पेटी दुसऱ्या खाटेकडे नेली असेल. आवाज तेव्हा मेमरीतच होता, आणि वीज जाताच मेमरी पुसली गेली.

"सर, डिस्क सगळी धुंडाळून पाहतो. कुठेतरी तुकडा सापडेल."

"प्रत काढताना आवाज आला नाही, म्हणून रुग्णालयानं पेटी माझ्याकडे पाठवली. दोन दिवस मी तेच केलं. डिस्कवर ते कधी पोचलंच नाही."

"मग हे ऐकायचं कशाला?"

सरांनी पुन्हा डोळे मिटले. शिष्याला उठून जावेसे वाटत होते आणि उठवत नव्हते. आत सरांच्या घरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या, कोणीतरी भाजीवाल्याला हाक मारली, आणि टेबलावर ती काळाची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत राहिली. एका तासाला शिष्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले. तरीही मन मोठे लबाड असते. शेवटच्या मिनिटात तरी काहीतरी असेल, एखादा खोकला, एखादे नाव, असे त्याला वाटत राहिले. फाइल उघडून शून्ये स्वतः पाहिलेला माणूस तो, आणि तरी कान देऊन बसला होता. शेवटचे मिनिटही संपले.

तेव्हा सर बोलले. "नर्सनं मला सांगितलं, ते पहिल्यांदा बायकोला बाहेर पाठवून म्हणाले, तुझ्यासमोर बोलवत नाही. मग बराच वेळ बोलले. शेवटी गंमत म्हणून कांद्याचा लिलाव पुकारला, तेव्हा सगळा वॉर्ड हसला. बायकोसाठी काय बोलले ते तिला माहीत नाही. ही फाइल मिळाली की ती घरी लावून बसेल. तू आत्ता बसलास तशीच. शेवटपर्यंत ऐकेल, कारण शेवटी काहीतरी असेल असं तिलाही वाटेल. एकदा ऐकून तिचं भागायचं नाही. तिच्याआधी तू ऐकावंस, एवढ्यासाठी तुला बसवलं."

शिष्याने फाइल बंद केली.

"मजकूर हरवणं हा आपल्या धंद्यात गुन्हा नाही," सर म्हणाले. "डिस्क मरतात, वीज जाते. 'झालं नाही' असं पेटीनं सांगितलं असतं, तर नर्स थांबली असती. अगदीच हुकलं असतं, तर तो माणूस संध्याकाळी पुन्हा बोलला असता. त्याच्याजवळ अजून रात्र होती, आवाज होता. आपण 'झालं' म्हणालो आणि त्याची ती रात्र काढून घेतली. वरचे सगळे आपल्या एका शब्दावर चालतात, बाळा. कोणी खाली वाकून पाहत नाही. म्हणून तर तो शब्द जपायचा असतो."

"मी बदलला होता तो भाग, सर. तुम्हाला सांगितलं नाही."

"परवा वाचला मी. पण पेट्या गेल्यावर पुन्हा उघडून पाहणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. आता पेट्या परत मागवल्यात. तू जा गांगुर्ड्यांच्या घरी. मीही येतो, पण बोलायचं तू."

गांगुर्ड्यांचे घर मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत होते. बाईने दार उघडले, दोघांना आत घेतले, पाणी दिले. पेटीवाली माणसे आली म्हणून तिच्या चेहऱ्यावर थोडी आशा आली. सर दाराशी खुर्चीवर बसले. शिष्याने सगळे सांगितले. फाइलमध्ये आवाज नाही, तो परत मिळणार नाही, आणि नर्सची काही चूक नव्हती, असे त्याने एकेक वाक्य तोडून सांगितले.

बाई पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली. मग म्हणाली, "मला त्यातलं काही कळत नाही, दादा. एकच सांगा. असं होऊ शकतं, हे तुम्हाला आधी ठाऊक होतं का?"

शिष्याला पुष्कळ उत्तरे सुचली. हजारात एकदा होते, सहा महिन्यांत कधी झाले नव्हते, नर्सनाच घाई होती. त्याने सरांकडे पाहिले. सर जमिनीकडे पाहत होते.

"हो," तो म्हणाला. "ठाऊक होतं."

बाईने मान हलवली. आत पडद्यामागे कोणीतरी कूस बदलल्याची चाहूल आली आणि ती आवाज खाली आणून म्हणाली, "ते झोपेल आहेत. रोज पाटीवर लिहून विचारतात, ऐकलं का, कसं वाटलं. उठले की त्यांनाही तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं."

शिष्य भिंतीला टेकून खाली बसला आणि वाट पाहू लागला. घाई करण्याजोगे आता काहीच उरले नव्हते.