शेवटच्या नंबराची मानकरीण

लांब उत्तरेला, ढगांच्याही वर, एका गावात पाल्मो नावाची बाई राहत होती. गाव नकाशात कुठे आहे ते शाळा शिकलेल्यांना विचारा. आपल्याला बर्फ ठाऊक तो उसाच्या रसातला. तिकडे तो घराच्या पायरीपासून थेट आभाळापर्यंत पसरलेला. तिथली माणसं पायांना लांब फळ्या बांधतात आणि डोंगरावरून सूं करत खाली येतात. आपण केळीच्या सालीवरून घसरलो तर लोक हसतात. ते घसरले तर बक्षीस मिळतं.

पाल्मोला डावा पाय नव्हता. लहानपणी दरड कोसळली, तिच्याखाली तो गेला. पण उजवा होता ना! त्याला एक फळी, दोन्ही हातांत दोन काठ्या, काठ्यांच्या टोकांना इवल्याशा फळ्या. अशी ती उतारावर सुटली की दोन पायांची मंडळी निमूट बाजूला व्हायची.

दर हिवाळ्यात त्या गावात अशा बायकांची शर्यत भरायची. कुणाला पाय नाही, कुणाला हात नाही. एकीला दिसत नव्हतं, तर तिची मैत्रीण पुढे घसरत 'डावीकडे! उजवीकडे!' ओरडायची. उतारावर लाल-निळे खांब रोवलेले असत. प्रत्येक खांबाला वळसा घालून खाली यायचं. एक जरी खांब चुकला तरी बाद. हां, खालची रेघ ओलांडायच्या आधी परत वर चढून त्याच खांबाला वळसा घातला तर चालायचं. पण तोवर घड्याळ थांबत नसे. घड्याळाला कुठली आलीय दयामाया!

जी पहिली येईल ती देशाच्या मोठ्या शर्यतीला जाणार होती. पाल्मोला तिथे जायचं होतं. इतकं जायचं होतं, की ती झोपेतसुद्धा वळणं घ्यायची आणि शेजारी झोपलेल्या तिच्या नवऱ्याची गोधडी दरीत जायची.

गावच्या मुखियाला तिकडे गोबा म्हणतात. आणि आपण जसं मानाने 'राव' लावतो, तसं ते 'ले' लावतात. तर हे गोबा-ले मनाने लोणी. ऊन पडायच्या आधीच वितळणारं. या बायका दिसल्या की त्यांचे डोळे गळायचे, मागोमाग नाकही. त्यांनी खांबांवर नजर ठेवणाऱ्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, "बिचाऱ्या आल्यात हेच खूप. कुणी खांब चुकली, तर तुम्ही आपलं आभाळ बघा. पुण्य लागेल."

पुण्य फुकटात मिळत असेल तर कोण सोडतो? सगळ्यांनी माना हलवल्या.

वर डोंगरावर मात्र वेगळीच भाषा चालली होती. यांगचेन नावाच्या बाईला उजवा हात कोपरापासून नव्हता. ती म्हणाली, "काय पाल्मो, पायाला गार लागतंय का गं? आमचे दोन दोन गारठलेत, तुझं बरंय."

"तू पडू नकोस म्हणजे झालं," पाल्मो म्हणाली. "नाक पुसायला एकच हात, तो काठीत अडकलेला."

दोघी खिदळल्या. इतक्या, की शिट्टी वाजवणारा शिट्टी विसरला.

यांगचेन सुटली ती वाऱ्यासारखी. खाली तिची वेळ पुकारली गेली आणि तिच्याइतकी कुणालाच जमली नाही. पाल्मोचा नंबर सगळ्यांत शेवटी होता. ती सुटली आणि गाव श्वास घ्यायचं विसरलं. अशी झुकायची, की कानाला बर्फ लागावा. मधल्या खांबापाशीच ती घड्याळात यांगचेनच्या पुढे होती. पण खाली रेघ दिसायला लागली, आणि घाईने घात केला. एक निळा खांब तिच्या चुकीच्या बाजूने निघून गेला.

खांबाजवळचा माणूस तेव्हा आभाळ बघत होता. आभाळात काही नव्हतं.

रेघ हातभर अंतरावर असताना पाल्मोने फळी आडवी मारली आणि ती थांबली. रेघेपलीकडे गोबा-ले गळ्यात घालायचा पांढरा शेला घेऊन उभे होते.

"ये ये, बाई! थांबलीस कशाला?"

"खांब चुकला, गोबा-ले."

"कुठला खांब? कुणीच नाही पाहिला!"

"मी पाहिला ना."

आणि ती वळली. एका पायाने बर्फ चढणं म्हणजे काय ते कळायला हवं असेल, तर घरी लंगडी घालत जिना चढून बघा. आधी पायऱ्यांना साबण लावा. पडलात तर माझं नाव सांगू नका. पाल्मो फळी आडवी रोवायची, काठ्या टेकायची, अंग वर ओढायची, अर्धी घसरायची, पुन्हा रोवायची. खाली बायका बाहीने डोळे पुसायला लागल्या. "असू दे गं, बिचारे! ये खाली!" गोबा-ले तर हुंदकेच द्यायला लागले.

एकटी यांगचेन ओरडत होती, "अगं चढ की म्हातारे! घड्याळ पळतंय! मुक्कामाला निघालीस काय?"

पाल्मो चढता चढता हसली. त्या हसण्यातच तिला वर जायची ताकद मिळाली. तिने निळ्या खांबाला वळसा घातला, खाली आली, रेघ ओलांडली. घड्याळाने तिला सगळ्यांत शेवटची ठरवली.

गोबा-लेंनी शेला तिच्याच गळ्यात घातला. "मन मोठं ते हिचं! आजची पहिली पाल्मो!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पाल्मोने शेला काढला आणि यांगचेनच्या गळ्यात घातला. मोठ्या शर्यतीचं दार तिने आपल्याच हाताने लावलं. मग ती म्हणाली, "गोबा-ले, मी शेवटची आले. शेवटची म्हणा."

"अगं, पण जीभ रेटत नाही माझी!"

"शेळ्या हाकताना बरी रेटते! शेवटच्या नंबरालासुद्धा आधी मोजणीत घ्यावं लागतं. मला तेवढं मोजा, बस्स."

गोबा-ले तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "शेवटची, पाल्मो." तिने हात कानाशी नेला. "ऐकू नाही आलं!" तेव्हा ते ओरडले, "शेवटची! पाल्मो!" आणि पाल्मोने मान अशी ताठ केली, की पलीकडचं शिखर जरा बुटकं दिसलं.

पुढचा हिवाळा आला. सराव चालू होता. पाल्मो जोरात येत होती, आणि पुन्हा एक खांब चुकला. गोबा-ले शेजारीच उभे होते. त्यांच्या तोंडातून निघून गेलं, "ए भवाने! डोळे काय चुलीत ठेवून आलीस? खांब सोडलास! चढ वर!"

गोबा-लेंनी जीभ चावली. पण ओठ असे फाकले होते पाल्मोचे, की दातांची ओळ उन्हात चमकली.

"चढते, गोबा-ले, चढते!" ती म्हणाली, आणि पालखीत बसल्यासारखी मिरवत वर निघाली.

मग त्या वर्षी ती पहिली आली का, असं विचारता? झालं! तुम्हीही शेला घेऊनच उभे आहात म्हणायचं. ती दुसरी आली. यांगचेनने तिला महिनाभर चिडवलं. दोघींचं छान चाललंय.

तात्पर्य: ज्याला आपल्या बरोबरीचं मानता, त्याची चूक त्याच्या तोंडावर सांगा. कीव करून आभाळ बघणारा समोरच्याचा पराभव झाकत नाही, त्याची शर्यतच चोरतो.